लुकलुकणाऱ्या दिव्याचं नाव काय?

थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी भेळ खात बसलो होतो. समोर पाण्यात खांदेरी आणि तिच्या अलीकडे उंदेरी. अंधार पडला, खांदेरीवरचा दिवा लागला आणि दोन मिनिटांत माझी नऊ वर्षांची भाची म्हणाली, "मामा, त्यांचा दिवा बिघडलाय. सारखा लागतोय न् विझतोय. लूज कनेक्शन असणार."

मी तिला सेकंद मोजायला सांगितलं. एका लुकलुकण्यापासून पुढच्यापर्यंत किती ते बघ, म्हटलं. तिने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा तोच आला. बिघडलेला दिवा इतका वक्तशीर नसतो, हे तिचं तिलाच पटलं. मग तिने खरा प्रश्न विचारला: "पण मग सरळ चालूच का नाही ठेवत?"

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्यात खांदेरी आहे. तेव्हापासून या बेटाचे फोटो फोनवर फिरतायत आणि बहुतेक फोटोंत किल्ल्यापेक्षा ठळक दिसतं ते दीपगृह. त्यातच सरकार देशभरातल्या दीपगृहांची पर्यटनस्थळं करायला निघालंय. त्यामुळे मोठी माणसंही विचारतात, जीपीएसच्या जमान्यात हा दिवा अजून कशाला जळतोय? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून भाचीच्या प्रश्नापासून सुरुवात करू.

नुसता उजेड पुरत नाही

रात्री समुद्रातून किनाऱ्याकडे येणाऱ्या माणसाला दोन गोष्टी कळायला हव्या असतात. जमीन जवळ आली का, आणि आली असेल तर ती कुठली? पहिलीसाठी कुठलीही आग चालते. दुसरीसाठी चालत नाही.

जगातलं सर्वांत गाजलेलं दीपगृह इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला होतं. ख्रिस्तपूर्व 280 च्या सुमारास बांधलेलं, अंदाजे शंभर मीटर उंच, डोक्यावर आग. चौदाव्या शतकातल्या भूकंपांनी ते पाडलं आणि पुढे त्याच जागी, त्याचेच दगड वापरून किल्ला उभा राहिला. इतकं उंच दुसरं काही आसपास नसल्यामुळे त्याची ओळख पटायला अडचण नव्हती. पण ज्या किनाऱ्यावर पाच-सहा ठिकाणी आगी पेटतात, तिथे खलाशाने काय करायचं? लांबून सगळ्या सारख्याच. एक समजून दुसरीकडे वळलं की जहाज खडकावर.

आपल्याकडे जत्रेच्या रात्री देवळापुढची दीपमाळ उजळते आणि लांबच्या वाटेवरूनही दिसते. गावचा माणूस ती बघून घराकडे चालू लागतो, कारण त्या बाजूला एकच देऊळ आहे हे त्याला ठाऊक असतं. परक्या माणसाला मात्र त्या उजेडावरून गावाचं नाव कळत नाही. दीपगृहांचा पुढचा सगळा इतिहास मला या एका अडचणीभोवती फिरताना दिसतो: दिव्याला नाव कसं द्यायचं?

आधी उजेड लांब न्यायचा

नाव द्यायच्या आधी दिवा पुरेसा लांब दिसायला हवा. तेलाच्या दिव्याचा उजेड चारी बाजूंना, वर आकाशात आणि खाली जमिनीवरही सांडतो. जहाजाला उपयोगी पडते ती फक्त क्षितिजाकडे जाणारी पट्टी. बाकीचं तेल फुकट. दिव्यामागे आरसे लावून पाहिले, पण त्या काळचे धातूचे आरसे जवळजवळ अर्धा उजेड स्वतःच गिळायचे.

आरशाऐवजी दिव्यापुढे भिंग ठेवलं तर पसरणारा उजेड एका दिशेने वळवता येतो. अडचण अशी, की एवढ्या कामाला पुरेल असं भिंग म्हणजे मधोमध वीतभर जाड काचेचा गोळा. तो ओतणं अवघड, वजन अफाट, आणि जाड काच पुन्हा उजेड खाणारच.

यावर उपाय काढला ओगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच माणसाने. नोकरीने तो रस्ते बांधणारा सरकारी इंजिनियर, डोक्यात मात्र सतत प्रकाश. त्याचा विचार असा: उजेड वाकतो तो काचेच्या पृष्ठभागाच्या उतारामुळे, मधला जाड गर काहीच करत नाही. मग गर काढून टाका आणि उतार तेवढे ठेवा. भिंगाचे गोल कडे पाडायचे, प्रत्येक कड्याचा उतार तसाच ठेवून त्याला खाली बसवायचं. जाडजूड भिंगाची पायऱ्या-पायऱ्यांची पातळ चकती होते आणि काम तेच करते.

हे घरात बघायचं असेल तर पेपर वाचायला मिळणारं ते चपटं प्लास्टिकचं भिंग शोधा, पोथीत खूण म्हणून ठेवता येईल एवढं पातळ. माझ्या आजीकडे होतं. एका बाजूने नख फिरवलं की बारीक गोल रेघा लागतात आणि करकर आवाज येतो. त्या रेघा म्हणजे फ्रेनेलच्या पायऱ्या.

1823 मध्ये फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोर्दुआँ दीपगृहात हे भिंग पहिल्यांदा लागलं. चार वर्षांनी फ्रेनेल क्षयाने गेला, वय 39. पुढच्या काही दशकांत त्याची भिंगं जगभर पोचली.

कोरलईच्या दीपगृहात मी असं भिंग जवळून पाहिलं. दुपारी पोचलो तर काचेच्या खोलीला आतून पडदे लावलेले. मला वाटलं, धूळ बसू नये म्हणून. तिथल्या कर्मचाऱ्याने सांगितलं, "धुळीचं काही नाही हो, उन्हाचं आहे. भिंग उजेड बाहेर फेकतं ना, तसं बाहेरचा सूर्य आतही गोळा करतं. पडदा लावायचा राहिला तर आपलाच दिवा भाजून निघेल." लहानपणी भिंगाने कागद जाळलेल्या प्रत्येकाला हे पटेल. पडदा किंचित बाजूला केल्यावर काचेच्या कड्यांतून भिंतीवर इंद्रधनुष्याचे तुकडे सांडले. त्याने लगेच पडदा ओढून घेतला.

टेबल फॅनची गंमत

आता भाचीचा प्रश्न. दिवा चालू-बंद का होतो?

जुन्या पद्धतीच्या मोठ्या दीपगृहांत तो होतच नाही. आतला दिवा रात्रभर अखंड जळत असतो. फिरतं ते त्याच्याभोवतीचं भिंग. उन्हाळ्यात टेबल फॅनची मान फिरती ठेवली की सगळ्या खोलीला आळीपाळीने वारा लागतो. पंखा थांबलेला नसतो, पण तुमच्या अंगावर वारा ठरावीक वेळाने येतो आणि जातो. दीपगृहाचा झोतही असाच समुद्रावरून फिरत असतो. तो तुमच्यावरून गेला की तुम्हाला झळक दिसते, पुढे गेला की अंधार.

आणि इथेच नावाची अडचण सुटली. भिंगाला दोन फुगीर भाग जवळजवळ बसवले तर दोन झळका आणि मग मोठी विश्रांती. तीन बसवले तर तीन. फिरण्याचा वेग बदलला की मधलं अंतर बदलतं. म्हणजे प्रत्येक दिव्याला स्वतःचा ठेका देता येतो. नाविक याला दिव्याचं लक्षण म्हणतात, आपण ठेकाच म्हणू. ढोल-ताशाचं पथक गल्लीच्या टोकाला असलं तरी जाणकार नुसत्या ठेक्यावरून पथकाचं नाव सांगतो, तसंच.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या एडिस्टोन दीपगृहाचा ठेका दर दहा सेकंदांना दोन झळका असा आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळ मायनट्स लेज नावाचा दिवा आहे, तो एक, मग चार, मग तीन अशा झळका देतो. इंग्रजीत 'आय लव्ह यू' या तीन शब्दांतही एक, चार, तीन अशी अक्षरं असल्यामुळे लोकांनी त्याला प्रेमी जिवांचा दिवा करून टाकलं. ठेका ठरवणाऱ्यांच्या मनात असलं काही नव्हतं.

हे सगळे ठेके छापलेले असतात. जहाजावर दिव्यांची यादी असते, प्रत्येक दिव्याची जागा, उंची, रंग आणि ठेका लिहिलेली. भारतात नकाशे आणि अशा याद्या काढणारं नौदलाचं कार्यालय गंमत म्हणजे समुद्रापासून शेकडो मैल दूर, डेहराडूनला आहे. खलाशी हातात घड्याळ घेऊन सेकंद मोजतो, यादीत बघतो आणि म्हणतो, हा अमुक दिवा. भाचीने वाळूत बसून नेमकं हेच केलं होतं.

टनावारी काच इतक्या नियमाने फिरवायची कशी? आजोबांच्या लंबकाच्या घड्याळासारखी. मनोऱ्याच्या पोटात साखळीला वजन टांगलेलं, ते हळूहळू खाली उतरायचं आणि चाकं फिरवायचं. दर काही तासांनी रखवालदार ते पुन्हा वर गुंडाळायचा. झोप लागली तर भिंग थांबायचं आणि दिव्याचं नावच पुसलं जायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भिंग पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवायची युक्ती निघाली. मग ते बोटाने ढकललं तरी फिरू लागलं. पाऱ्याची वाफ विषारी, हा त्या सोयीचा जाच. त्या वाफेत आयुष्य काढलेल्या रखवालदारांची किंमत कुठल्या हिशोबात धरली गेली नाही. आता अनेक ठिकाणी भिंग फिरवण्याऐवजी एलईडीच ठेक्यात लागतात-विझतात. म्हणजे भाचीचा चालू-बंदचा अंदाज नव्या दिव्यांच्या बाबतीत बरोबर आहे.

दिवा किल्ल्यावरच का?

रत्नागिरी, देवगड, खांदेरी, गोव्यातलं आग्वाद. आपल्या किनाऱ्यावरची दीपगृहं किल्ल्याला चिकटून का असतात? उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे.

दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजाखाली गेला की संपला. किती लांबपर्यंत दिसेल याचा सोपा हिशोब आहे: समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, 3.57 ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. वाळूत उभ्या माणसाचे डोळे दीड-एक मीटरवर, म्हणजे त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरच्या आसपास. मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे खडकावर प्राँग्ज दीपगृह आहे, थॉमस ऑर्मिस्टनने 1875 मध्ये उभारलेलं, सुमारे 41 मीटर उंच. त्याचा हिशोब 23 किलोमीटर. जहाजाच्या डेकवरचा माणूसही उंचावर असतो, त्याचं अंतर त्यात वेगळं मिळवायचं.

उंची समुद्रापासून मोजायची असल्यामुळे कड्यावरचं बुटकं दीपगृह खडकावरच्या उंच मनोऱ्याची बरोबरी करतं. आणि खाडीच्या तोंडावरचा, लांबवर नजर जाणारा कडा किल्लेदारांनी आधीच हेरून ठेवलेला असतो. जिथून शत्रू दिसतो, तिथला दिवा सगळ्यांना दिसणारच. मुंबईच्या इंग्रजांवर आणि जंजिऱ्याच्या सिद्दीवर वचक बसावा म्हणून महाराजांनी 1679 मध्ये खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, आणि बांधू नये म्हणून त्या दोघांनी लढाई केली. त्याच बेटावर 1867 मध्ये इंग्रजांनी आपल्या जहाजांसाठी दिवा लावला.

उंचीचाही अतिरेक होतो. अमेरिकेत सान दिएगोला 1855 मध्ये समुद्रापासून सव्वाशे मीटरहून उंच जागी दिवा लावला. तो बरेचदा ढगात आणि धुक्यात हरवायचा. 1891 मध्ये तो बंद करून खाली पाण्याजवळ नवा बांधावा लागला.

आग्वादला आणखी एक गोष्ट होती, घंटा. जुन्या गोव्याच्या सेंट ऑगस्टीन चर्चची ही भलीमोठी घंटा 1841 पासून तीस वर्षं आग्वादला होती. नंतर ती पणजीच्या पायऱ्यांच्या चर्चमध्ये गेली, आज तिथेच वाजते. आग्वादचं जुनं दीपगृह 1864 चं, नवं झालं ते 1976 मध्ये.

खडकावर बांधायचं म्हणजे

किनाऱ्यावर सोपं आहे. भरतीला बुडणाऱ्या खडकावर काय करायचं? वर ज्या एडिस्टोनचा ठेका सांगितला, तिथे हा धडा चारदा गिरवला गेला. हेन्री विन्स्टॅन्लीने 1698 मध्ये पहिलं दीपगृह बांधलं. त्याचा त्यावर इतका विश्वास, की सर्वांत मोठ्या वादळात आपण आत असावं अशी त्याची इच्छा होती. 1703 च्या महावादळात ती पुरी झाली. सकाळी खडकावर ना दीपगृह होतं, ना तो. दुसरं लाकडी होतं, ते 1755 मध्ये जळालं. तिसरं जॉन स्मीटनने 1759 मध्ये केलं, तळाशी रुंद आणि वर निमुळतं, वडाच्या बुंध्यासारखं म्हणू (त्याच्या डोक्यात ओकचं झाड होतं). दगड सुताराच्या सांध्यासारखे एकमेकांत अडकवलेले, आणि पाण्याखालीही घट्ट होणारा चुना त्याने प्रयोग करून शोधला. ते शंभराहून अधिक वर्षं टिकलं. हलायला लागला तो त्याखालचा खडक. म्हणून 1882 मध्ये शेजारी चौथं बांधलं आणि स्मीटनच्या मनोऱ्याचा वरचा भाग सोडवून प्लिमथच्या किनाऱ्यावर नेऊन पुन्हा उभारला.

रखवालदाराशिवाय दिवा कसा लागायला लागला, याची कथा मला सगळ्यांत चटका लावते. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनने एक झडप बनवली. काळी दांडी उन्हात तापून किंचित लांब होते आणि गॅस बंद करते. सूर्य मावळला की ती आखडते, गॅस सुटतो, दिवा पेटतो. माणूस नको, वीज नको. 1912 मध्ये गॅसच्या प्रयोगात स्फोट झाला आणि दालेनचे डोळे गेले. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते घ्यायला त्याचा भाऊ गेला.

पण जीपीएस आहे ना?

आहे, आणि जहाजं मुख्यतः त्यावरच चालतात. दीपगृहाची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही, हे मान्य करायला हरकत नाही.

पण जीपीएसचा संदेश वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो आणि पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. लग्नाच्या मांडवात कोपऱ्यात कोणी कुजबुजतंय आणि मध्येच डीजे लागला, तर कुजबुज संपली. तसा हा संदेशही दाबता येतो. त्याहून वाईट म्हणजे त्याची नक्कल करता येते, मग यंत्र आत्मविश्वासाने खोटी जागा दाखवतं. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्ष पेटला तेव्हा होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास शेकडो जहाजांच्या जागा अशा भलतीकडेच दिसत होत्या, काहींच्या तर जमिनीवर. अशा वेळी कप्तान खिडकीतून बाहेर बघतो. समोर ओळखीच्या ठेक्याचा दिवा असेल, तर यंत्र खोटं बोलतंय की नाही हे त्याला ताडून बघता येतं. आपल्या लहान होड्यांवरच्या तांडेलांना तर यंत्र असो-नसो, रात्री बंदराकडे वळताना हा दिवा लागतोच.

शिवाय मनोरा म्हणजे आयती उंच जागा. 26/11 नंतर किनाऱ्यावर नजर ठेवायला रडार आणि कॅमेरे बसवले गेले, ते अनेक ठिकाणी दीपगृहांवरच.

मग दीपगृह असून जहाजं बुडतात कशी?

हा प्रश्न कोकणात कोणी विचारला की 'रामदास'चं नाव निघतंच. 17 जुलै 1947, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पण ती सकाळची वेळ होती आणि आपण कुठे आहोत हे बोटीवर सगळ्यांना माहीत होतं. दीपगृह जागा सांगतं. येणारी लाट सांगत नाही, भरलेली बोट रिकामी करत नाही.

दुसरा आक्षेप असा, की दिवा शत्रूलाही दिसतो. अगदी खरं. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री जर्मन युद्धनौका एम्डेन मद्रासवर चालून आली, तेव्हा शहराचे दिवे शांततेच्या काळासारखेच चालू होते. त्या वेळी मद्रासचं दीपगृह चक्क हायकोर्टाच्या घुमटावर होतं. एम्डेनने तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि निघून गेली. म्हणून युद्धात किनाऱ्यावरचे दिवे मंद करतात किंवा विझवतात.

आणि पैसे कोण देतं? अर्थशास्त्राच्या वर्गात दीपगृह हे ठरलेलं उदाहरण असतं: उजेड बघणाऱ्याकडून वसुली करता येत नाही, तेव्हा सरकारनेच खर्च करावा. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने 1974 मध्ये दाखवलं, की इंग्लंडमध्ये वसुली शतकानुशतकं होत होती, फक्त ती समुद्रात न करता बंदरात करायचे. आपल्याकडेही मोठं जहाज बंदरात आलं की त्याच्याकडून कर घेतात. त्यासाठी 1927 चा कायदा होता, त्याची जागा 2021 च्या नव्या कायद्याने घेतली. त्यात वारसा दीपगृहांचीही तरतूद आहे.

आजच्या दीपगृहांना मला खरा धोका वाटतो तो वेगळाच, आणि तो थळलाच कळला. दुसऱ्या दिवशी भाचीला मी वर्गमुळाचा हिशोब शिकवला. प्राँग्जचे 23, आपल्या डोळ्यांचे साडेचार, मिळून सव्वासत्तावीस-साडेसत्तावीस. थळपासून प्राँग्ज साधारण 23 किलोमीटरवर आहे, म्हणजे दिसायला हवं. अंधार पडल्यावर आम्ही उत्तरेकडे तोंड करून बसलो. तिकडे मुंबईच्या इमारतींचा उजेड आकाशभर, त्यात बंदराबाहेर थांबलेल्या जहाजांचे दिवे, सगळं एकमेकांत मिसळलेलं. अर्धा तास शोधलं. एकदा काहीतरी लुकलुकलं, ती ओरडली आणि मोजायला लागली. चारपर्यंत गेली आणि थांबली, कारण आता त्यातलं नेमकं कुठलं मोजायचं तेच तिला सापडेना.